जुन्या गाडीचं मागचं हब आणि सस्पेन्शन: काम कोणत्या क्रमाने करावं

पुढच्या चाकात काही बिघडलं की स्टिअरिंग लगेच चुगली करतं. मागच्या चाकांच्या बाबतीत ती सोय नाही. बेअरिंगला प्ले (ढिलेपणा) आलेला असो, टो (वरून बघताना चाक आत किंवा बाहेर वळलेलं असण्याचा कोन) बाहेर गेलेला असो की ब्रेक वेळेआधी धरत असोत, चालवणाऱ्याला ते कळतं गाडीची शेपूट सरकल्यावर, आणि तेव्हा करण्यासारखं फारसं उरलेलं नसतं. म्हणून मागच्या बाजूचं काम करताना भाग कोणते घ्यायचे यापेक्षा काम कोणत्या क्रमाने करायचं याला जास्त महत्त्व आहे. आधी मोजमाप, मग हब (चाक ज्यावर बसतं तो भाग), मग बुश (सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबरी तुकडे), मग स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर, त्यानंतर ब्रेक, आणि सगळ्यात शेवटी अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. आधी स्प्रिंग कापतात, गाडी छान बसली म्हणून खूश होतात आणि बाकीचं निस्तरत बसतात.

इथे 'जुनी गाडी' म्हणजे ढोबळमानाने गेल्या शतकातली. मागे ड्रम ब्रेक, आणि सस्पेन्शन चारांपैकी एका घराण्यातलं: पाट्यांवर (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगवर) बसलेला अखंड अॅक्सल, कॉइल स्प्रिंगवरचा ट्विस्ट बीम (दोन्ही चाकांचे आर्म जोडणारी, पिळली जाणारी आडवी तुळई), स्वतंत्र ट्रेलिंग किंवा सेमी-ट्रेलिंग आर्म (पुढच्या टोकाला बिजागर असलेला आर्म, सेमीमध्ये बिजागर तिरकं), नाहीतर स्विंग अॅक्सल (चाक शाफ्टसकट डिफरेन्शियलपाशी वरखाली झुलतं). आपली गाडी यातली कुठली, हे खाली वाकून नीट बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये.

सुरुवात टेपने

गाडी सपाट जागी उभी करा, टायरमध्ये योग्य हवा भरा, डिकी रिकामी करा. जमिनीपासून उंची मोजण्यात अर्थ नाही, कारण टायर बदलला की आकडा बदलतो. चाकाच्या मध्यापासून सरळ वर, मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा, चारही चाकांचं. एकाच अॅक्सलच्या दोन बाजूंत १० मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर एखादी स्प्रिंग बसलेली आहे, बुश तुटलेला आहे किंवा स्प्रिंगची बैठक गंजली आहे. ते कारण सापडल्याशिवाय नवीन भाग मागवू नका.

मग शॉकची तीन मापं घ्या: गाडी उभी असताना शॉकची लांबी, चाक हवेत लोंबकळत असताना ती किती होते, आणि बंप स्टॉपला (चाकाला फार वर जाऊ न देणाऱ्या रबरी ठोकळ्याला) टेकायला चाक आणखी किती वर जाऊ शकतं. शिवाय टायरच्या आतल्या कडेपासून स्प्रिंग, शॉक आणि आतल्या पत्र्यापर्यंतची मोकळी जागा. ही मापं वहीत लिहा आणि वही गाडीतच ठेवा. पुढचा प्रत्येक निर्णय या आकड्यांवर होणार आहे.

आता पत्रा. स्प्रिंगच्या बैठका, शॉकचे वरचे माउंट, बीम किंवा आर्म जिथे बॉडीला जोडला जातो ती जागा, पाट्यांचे हँगर. जुना स्क्रूड्रायव्हर घेऊन जोरात टोचून बघा. तो आत गेला तर सस्पेन्शनचं काम थांबवून वेल्डिंगचं काम सुरू करा. कडक स्प्रिंग कमकुवत पत्र्यावर बसवली तर पत्रा फाटतो.

उचलताना

पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडसर, गाडी जॅकने उचलायची आणि लगेच घोड्यांवर (जॅक स्टँडवर) टेकवायची. घोडे बॉडीच्या मजबूत भागाखाली लावा. अॅक्सल खाली सोडायचा असतो, म्हणून घोडे अॅक्सलखाली नकोत. मागची चाकं वर गेली की बहुतेक गाड्यांचा हँडब्रेक निरुपयोगी होतो, हे विसरून माणसं जखमी होतात. जुन्या ब्रेक शूंच्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं, त्यामुळे ड्रममधली धूळ हवेच्या दाबाने उडवू नका. ओल्या फडक्याने किंवा ब्रेक क्लीनरने भिजवून पुसा.

हब कोणत्या प्रकारचं आहे

चाक वरच्या आणि खालच्या बाजूला धरून हलवा, मग डाव्या-उजव्या बाजूला धरून. प्ले किती आहे ते लक्षात येईल. नंतर एक हात स्प्रिंगवर ठेवून दुसऱ्या हाताने चाक फिरवा. बेअरिंग खराब असेल तर कानाला ऐकू येण्याआधीच स्प्रिंगमध्ये बोटांना खरखर जाणवते. ब्रेक घासत असेल तर आवाज फेऱ्यातल्या ठरावीक जागी येतो. बेअरिंगची खरखर मात्र अखंड असते.

पुढची चाकं ओढणाऱ्या जुन्या गाड्यांत बहुधा स्थिर स्टब अॅक्सलवर (न फिरणाऱ्या आखूड दांड्यावर) ड्रम फिरतो आणि ड्रमच्या आत दोन टेपर रोलर बेअरिंग असतात. काहींत त्याऐवजी दुहेरी ओळीचं एकच सीलबंद बॉल बेअरिंग दाबून बसवलेलं असतं. मागची चाकं फिरवणाऱ्या अखंड अॅक्सलमध्ये हाफ शाफ्टवरच (डिफरेन्शियलपासून चाकापर्यंतच्या शाफ्टवर) बेअरिंग आणि त्यामागे घट्ट बसवलेली कॉलर असते. तिघांची पद्धत वेगळी आहे आणि एकाची रीत दुसऱ्याला लावली की नुकसान ठरलेलं.

टेपर बेअरिंग

हे सगळ्यात सोपं आणि तरीही सगळ्यात जास्त चुकीचं बसवलं जाणारं बेअरिंग. ग्रीसचं टोपण काढा, स्प्लिट पिन काढा, नट आणि वॉशर बाजूला ठेवा, ड्रम सरळ बाहेर ओढा. येत नसेल तर ब्रेक अॅडजस्टर ढिला करा, शू ड्रमच्या आतल्या धारेला अडकलेले असतात.

जुनं ग्रीस पूर्ण पुसून बाहेरच्या रिंगच्या आतल्या पृष्ठभागाकडे बघा. पापुद्रे सुटलेले असतील तर बेअरिंगचं आयुष्य संपलं. सारख्या अंतरावर बारीक खड्डे असतील तर कधीतरी जोरदार धक्का बसलाय किंवा कुणी हातोड्याने बेअरिंग ठोकलंय. निळी छटा म्हणजे ते तापलं होतं, आणि ते बहुधा नट जास्त आवळल्यामुळे. रोलर आणि बाहेरची रिंग नेहमी जोडीने बदला. 'रिंग चांगली आहे, फक्त रोलर टाकू' हा हिशोब चालत नाही.

बाहेरची रिंग काढायला हबच्या आतल्या खाचांतून पितळी ड्रिफ्टने आळीपाळीने समोरासमोरच्या बाजूंना ठोका. हलतच नसेल तर एक जुनी युक्ती आहे: रिंगच्या आतल्या बाजूला वेल्डिंगची एक गोल ओळ फिरवा. वेल्ड थंड होताना आकसतं, रिंगही आकसते आणि जवळपास हातात पडते. नवी रिंग काही तास फ्रीझरमध्ये ठेवून बसवा आणि ठोकताना जुन्या रिंगचाच आधार घ्या. ती तळाला टेकली की ठोक्याचा आवाज बदलतो, तो ऐकायला शिका.

ग्रीस लिथियम-कॉम्प्लेक्स, एनएलजीआय २ दर्जाचं (हा ग्रीसच्या घट्टपणाचा आकडा). वेगवेगळ्या जातीची ग्रीस एकत्र करू नका, काही जोड्या एकत्र आल्या की पातळ होऊन वाहून जातात. तळहातावर ग्रीसचा गोळा घेऊन बेअरिंगची रुंद कड त्यावर दाबत राहा, वरून ग्रीस बाहेर येईपर्यंत. हबमधली पोकळी मात्र ठासून भरायची नाही, तिसरा हिस्सा ते अर्धी पुरे. जास्त भरलं तर तापून सीलमधून ब्रेक शूवर येतं.

आता अॅडजस्टमेंट, जिचा गाडीच्या पुस्तकातला आकडा अंतिम मानायचा. सर्वसाधारण रीत अशी: ड्रम हाताने फिरवत नट साधारण २०-२५ न्यूटन-मीटरपर्यंत आवळा, म्हणजे रोलर आपल्या जागी बसतात. मग नट पूर्ण ढिला करा. पुन्हा फक्त बोटांनी, वॉशर नुकतं टेकेल इतपत आवळा. स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर नट ढिलं करून पुढच्या खाचेवर आणा, आवळून नाही. डायल गेज (बारीक हालचाल दाखवणारं घड्याळी मापक) लावला तर आत-बाहेरचा प्ले साधारण ०.०३ ते ०.१२ मिमी यायला हवा. हाताला हा प्ले जेमतेम जाणवतो, आणि इथेच गोंधळ होतो. 'थोडं हलतंय' म्हणून अर्धा फेरा आणखी आवळला जातो आणि बेअरिंग काही दिवसांतच जळतं. टेपर बेअरिंगला हा किंचित मोकळेपणा हवाच, कारण चालताना सगळं तापून फुगतं. स्प्लिट पिन दर वेळी नवी.

दाबून बसवलेलं बेअरिंग

इथे प्ले ठेवायचा नसतो. बेअरिंगच्या दोन आतल्या रिंगा मधल्या मोठ्या नटाने एकमेकींवर दाबल्या जातात आणि ठरलेला ताण तयार होतो. हा नट गाडीनुसार १५० ते ३०० न्यूटन-मीटरच्या घरात असतो, त्यामुळे लांब दांड्याचा टॉर्क पाना लागणारच. कड ठोकून अडकवलेला नट पुन्हा वापरू नका.

एकच नियम पाठ करा: बेअरिंग हाउसिंगमध्ये दाबताना जोर बाहेरच्या रिंगवर, शाफ्टवर दाबताना जोर आतल्या रिंगवर. उलटं केलं की जोर बॉलमधून जातो, रिंगवर खळगे पडतात आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून गुणगुणायला लागतं. हायड्रॉलिक प्रेस नसेल तर लांब बोल्ट, जाड वॉशर आणि योग्य मापाच्या बाही वापरून ओढूनही बसवता येतं. हातोडा मात्र नको.

जुनं बेअरिंग काढताना आतली रिंग बहुतेकदा स्टबवरच अडकून राहते. ग्राइंडरने तिच्यावर तिरकी चीर पाडा, पूर्ण खोलपर्यंत नाही, आणि चिरेत छिन्नी मारा. रिंग तडकते. स्टबवर ओरखडा पडला तर तिथूनच पुढे तडा जाऊ शकतो, म्हणून शेवटचा मिलिमीटर घाई नको. एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी ब्रेक यंत्रणा) असलेल्या काही गाड्यांत बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्ये चुंबकीय पट्टी असते. ती सेन्सरच्या बाजूला आली पाहिजे, आणि चुंबक असलेली हत्यारं तिच्यापासून दूर ठेवा.

अखंड अॅक्सलचा हाफ शाफ्ट

ड्रमच्या मागचे चार नट काढून स्लाइड हॅमरने शाफ्ट बाहेर येतो. काही अॅक्सलमध्ये शाफ्ट आतून सी आकाराच्या क्लिपने अडकवलेला असतो, तिथे आधी डिफरेन्शियलचं झाकण उघडावं लागतं. बेअरिंगमागची कॉलर ड्रिलने अर्धवट भोक पाडून छिन्नीने तडकवा. गॅसने कापू नका, शाफ्टचा पाणी दिलेला थर मऊ पडतो. आधी बेअरिंग दाबायचं, त्यानंतर कॉलर, दोन्ही वेगवेगळ्या दाबात. कॉलर नेहमी नवीच, कारण चाक अॅक्सलमधून बाहेर येऊ नये याची जबाबदारी या एका पट्टीवर आहे. ऑइल सील बसवताना त्याच्या ओठाला थोडं तेल लावा, कोरडा ओठ पहिल्याच किलोमीटरमध्ये जळतो.

दुसरं हब, दुसरी चाकं, स्पेसर

बरेच जण हबला हात लावतात तो खरं तर चाकं बदलण्यासाठी. इथे चार गोष्टी जुळाव्या लागतात: बोल्टच्या वर्तुळाचा व्यास, मधल्या भोकाचा व्यास, ऑफसेट (चाकाची मध्यरेषा आणि हबला टेकणारा पृष्ठभाग यांतलं अंतर) आणि नट बसण्याचा आकार.

४×९८ (चार बोल्ट, ९८ मिमी व्यासाचं वर्तुळ) आणि ४×१०० यांत त्रिज्येचा फरक फक्त १ मिमी आहे, म्हणून चाक जोर लावून बसतं. बसतं म्हणजे चालतं असं नव्हे. बोल्ट वाकडे ओढले जातात आणि हळूहळू तुटतात. नटचा शंकू ६० अंशांचा आहे, गोलाकार आहे की सपाट, हेही चाकाशी जुळलं पाहिजे. शंकूच्या जागी गोल नट लावला तर तो केवळ एका रेषेवर टेकतो. आट्यांचंही तसंच. एम१२×१.५ (१२ मिमी व्यास, आट्यांमधलं अंतर १.५ मिमी) आणि एम१२×१.२५ हे दोन्ही पहिला-दुसरा फेरा एकमेकांवर आरामात चढतात आणि मग अडतात. तिथे पाना लांब करू नका.

स्टड लांब घेताना त्याच्या मुळाशी असलेल्या दातेरी भागाचा व्यास हबच्या भोकाशी जुळणारा हवा. नट स्टडवर किमान स्टडच्या व्यासाइतका चढला पाहिजे. १२ मिमीच्या स्टडवर १.५ चे आटे असतील तर पूर्ण ८ फेरे, १.२५ चे असतील तर १० फेरे मोजून बघा.

स्पेसर (हब आणि चाक यांच्यामध्ये घालायची चकती) वापरायचाच असेल तर हबच्या मधल्या गोल भागावर घट्ट बसणारा घ्या, नुसती सपाट चकती नको. सरळ चालताना एका मागच्या चाकावर ३००० न्यूटन भार धरला, तर २० मिमीच्या स्पेसरमुळे बेअरिंगवर ६० न्यूटन-मीटरचा वाकवणारा जोर जास्तीचा येतो, तोही सतत. ५ मिमीला बेअरिंग फारशी तक्रार करत नाही, ३० मिमीला करतं.

हबच्या फ्लँजमध्ये नवीन भोकं पाडून वर्तुळ बदलायचं असेल तर ते मशीनवर, हबच्या आसाला केंद्र धरूनच झालं पाहिजे. ४×१०० वरून ४×१०८ करताना नवीन भोकं जुन्यांपासून केवळ ४ मिमी सरकतात, म्हणजे ती एकमेकांत मिसळतील. त्यामुळे नवा संच ४५ अंश फिरवून, जुन्या भोकांच्या मध्ये पाडावा लागतो. फ्लँजच्या कडेला पुरेसं धातू उरणार नसेल तर सरळ दुसरं हब शोधा. हाताच्या ड्रिल मशीनने हे काम करणाऱ्याला नमस्कार करून परत यावं. काम झाल्यावर फ्लँजच्या कडेजवळ डायल गेज लावून हब फिरवा. ०.०५ मिमीच्या आत लचक (सुईची हालचाल) असेल तर उत्तम.

बुश

वीस-तीस वर्षांचे बुश बदलले की अर्ध्या लोकांना वाटतं गाडी नवी झाली, आणि पुढचा खर्च टळतो. म्हणून स्प्रिंगच्या आधी बुश.

रबरी बुशमध्ये रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं. ते घसरत नाही, पिळलं जातं. चाक लोंबकळत असताना बोल्ट पूर्ण आवळला तर गाडी खाली उतरताच रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. म्हणून सगळे बोल्ट आधी नुसते लावून ठेवा, गाडी चाकांवर उभी करा, मगच टॉर्क द्या. गाडी खाली करणार असाल तर नव्या उंचीवर. ट्विस्ट बीमच्या पुढच्या बुशमध्ये पोकळ्या आणि बाणाची खूण असते. ती दिशा काढण्यापूर्वी बीमवर कोरून ठेवा.

पॉलियुरेथेनचे बुश सगळीकडे बसवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. जिथे बुश फक्त एका आसाभोवती फिरतो तिथे ते उत्तम. सेमी-ट्रेलिंग आर्म किंवा ट्विस्ट बीमच्या बुशला मात्र तिरकंही वळावं लागतं, आणि कडक पॉली तिथे अडकून बसतं. सस्पेन्शन अडखळतं आणि ताण ब्रॅकेटवर जातो. बसवलेच तर सोबतचं सिलिकॉन ग्रीस भरपूर लावा, नाहीतर महिन्याभरात खाटेसारखी करकर सुरू होते.

स्प्रिंग

कॉइल स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, वेटोळ्याच्या व्यासाच्या तिसऱ्या घाताने कमी होतो आणि काम करणाऱ्या वेटोळ्यांच्या संख्येने भागला जातो. म्हणून आठ वेटोळ्यांतलं एक कापलं की स्प्रिंग सुमारे १४ टक्के कडक होते. कापण्यात अडचण कडकपणाची नसते. अडचण दुसरीच असते: कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही आणि मोकळी लांबी घटते. गॅसने तापवून स्प्रिंग 'बसवणं' तर त्याहून वाईट, तिथलं पाणीच उतरतं.

दुसरी गोष्ट, स्प्रिंगवर लिहिलेला आकडा चाकाला मिळत नाही. ट्रेलिंग आर्मवर स्प्रिंग चाकापेक्षा बिजागराच्या जवळ असते. बिजागरापासून चाकाच्या अंतराच्या ०.७ पट अंतरावर ती असेल, तर चाकाला मिळणारा कडकपणा ०.७ चा वर्ग, म्हणजे जवळपास निम्माच. ३० न्यूटन प्रति मिमीची स्प्रिंग तिथे १५ ची होते.

आता एक पूर्ण हिशोब करू. सोपं जावं म्हणून सगळे आकडे चाकापाशी धरू. मागच्या एका कोपऱ्यावर स्प्रिंगने पेललेलं वजन २०० किलो आणि कडकपणा १५ न्यूटन प्रति मिमी. गाडी उभी असताना स्प्रिंग साधारण १३१ मिमी दबलेली असेल आणि बॉडीची वरखाली होण्याची गती सेकंदाला १.३८ वेळा असेल. रस्त्यावरच्या गाडीसाठी १ ते १.५ चा पट्टा सोयीचा मानतात. कडकपणा २० केला तर ही गती १.५९ होते, म्हणजे पाठीला जाणवेल इतकी. दाब आता फक्त ९८ मिमी. याचा अर्थ मोकळी लांबी तीच ठेवली तर गाडी ३३ मिमी उंच होईल! तिला ३० मिमी खाली आणायचं असेल तर चाकापाशी धरून ६३ मिमीने आखूड स्प्रिंग हवी.

आणि खरा सापळा इथे आहे. समजा मूळ शॉक चाकाला ८० मिमी खाली लोंबकळू देत होता. गाडी ३० मिमी खाली केल्यावर तोच शॉक ११० मिमी लोंबकळू देईल. पण स्प्रिंग ९८ मिमीनंतर मोकळी होते. चाक खड्ड्यात लोंबकळलं की स्प्रिंग १२ मिमी सैल होऊन बैठकीतून निसटू शकते. उपाय म्हणजे त्या प्रमाणात आखूड शॉक. वरच्या बाजूला बंप स्टॉपपर्यंत ७० मिमी जागा होती ती ४० उरते, म्हणजे गाडी भरली की ती सारखी स्टॉपवर आदळणार. बंप स्टॉप काढून टाकणारे महाभाग असतात. तो काढला की शॉकचा पिस्टन तळाला आपटतो. मूळ स्टॉपऐवजी आखूड आणि मऊ, हळूहळू कडक होत जाणारा स्टॉप लावा. भार वाहायचा असेल तर ३० मिमीहून जास्त खाली करण्याचा मोह टाळावा.

शॉक स्प्रिंगशी जुळवून घ्या. स्प्रिंग एकतृतीयांश कडक झाली तर तीच स्थिरता टिकवायला शॉकचा रोध सुमारे १५ टक्के वाढावा लागतो. दुप्पट कडक शॉक टाकला तर चाक खड्ड्यातून वर येऊन खाली पोहोचायच्या आत पुढचा खड्डा येतो.

पाट्यांच्या अॅक्सलमध्ये यू बोल्ट प्रत्येक वेळी नवे घ्या, कारण ते ताणले गेलेले असतात. मधला बोल्ट अॅक्सलची जागा ठरवतो. ब्लॉक घातला तर त्याच्यावरची गुटी आणि खालचा खड्डा बरोबर जुळले पाहिजेत. ब्लॉक जितका उंच, तितका अॅक्सल जोर घेताना जास्त पिळतो. शॅकल (पाट्याचं मागचं टोक बॉडीला जोडणारी हलती कडी) गाडी उभी असताना मागे झुकलेलं असावं, उलटं नाही. पिनियनचा (डिफरेन्शियलमध्ये शिरणाऱ्या शाफ्टचा) कोन गिअरबॉक्सच्या शाफ्टशी समांतर राहतोय ना, ते कोनमापकाने बघा, आणि बदलला असेल तर पाटा व अॅक्सल यांच्यामध्ये पाचर घाला.

टॉर्शन बारच्या (पिळली जाऊन स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांडीच्या) गाड्यांचा प्रकार वेगळा. जुन्या फोक्सवॅगन बीटलच्या मागच्या बारला आतल्या टोकाला ४० आणि बाहेरच्या टोकाला ४४ दाते असतात. आतलं टोक एक दात एका दिशेला आणि बाहेरचं एक दात उलट दिशेला फिरवलं की निव्वळ बदल एका अंशापेक्षाही कमी होतो. फार हुशार रचना आहे. बार बाहेर काढण्याआधी दोन्ही टोकांवर रेघ मारा, डावा-उजवा बदलू नका, आणि स्प्रिंग प्लेट थांब्यावरून उतरवताना तिच्यासमोर पाय ठेवू नका, तिच्यात प्रचंड ताण असतो.

उंची बदलली की कोन बदलतात

ट्विस्ट बीम आणि सरळ ट्रेलिंग आर्ममध्ये गाडी खाली केल्याने कॅम्बर (समोरून बघताना चाकाचा उभ्या रेषेपासूनचा कल) जवळपास बदलत नाही. सेमी-ट्रेलिंग आर्ममध्ये चाकं वरून आत झुकतात आणि टोही बदलतो. त्यामुळे समायोजन करता येणारे बुश किंवा ब्रॅकेट लागतात. अखंड अॅक्सलला पॅनहार्ड रॉड (अॅक्सलला बॉडीशी जोडून बाजूला सरकण्यापासून रोखणारी आडवी दांडी) असेल तर गाडी खाली केल्यावर अॅक्सल एका बाजूला सरकतो. लांबी बदलता येणारा रॉड घ्या आणि गाडी उभी असताना तो आडवा राहील असं बघा.

स्विंग अॅक्सलमध्ये उलट धोका आहे: तो उंच करणं घातक. वळणावर बाहेरचं चाक गाडीखाली दुमडू शकतं. १९६० साली आलेल्या शेव्हरले कॉर्व्हेअरमध्ये हाच अॅक्सल होता. १९६४ च्या मॉडेलला मागे आडवा पाटा देण्यात आला आणि १९६५ ला ती रचनाच बदलली. तुमच्या गाडीत स्विंग अॅक्सल असेल तर चाक किती लोंबकळेल यावर बंधन घालणारा पट्टा लावणं हा स्वस्त आणि खरा उपाय.

ट्विस्ट बीमवर कॅम्बर किंवा टो सुधारायचा असेल तर स्टब अॅक्सल आणि बीम यांच्यामध्ये पाचरीसारखी शिम घालतात. एकावर एक दोन शिमा नकोत, आणि शिम घातल्यावर बोल्टचे आटे पुरतात का ते बघा.

ब्रेक, जे सगळे विसरतात

अनेक जुन्या गाड्यांत मागच्या अॅक्सलजवळ एक व्हॉल्व्ह असतो, ज्याची दांडी किंवा स्प्रिंग अॅक्सलला जोडलेली असते. गाडीत वजन भरलं की बॉडी अॅक्सलजवळ येते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. तुम्ही गाडी खाली केली की व्हॉल्व्हला वाटतं गाडी भरलेली आहे. रिकाम्या गाडीत मागची चाकं आधी लॉक होतात आणि ओल्या रस्त्यावर गाडी गर्रकन फिरते. काम सुरू करण्यापूर्वी या दांडीचा कोन आणि स्प्रिंगची लांबी मोजून ठेवा. नंतर ब्रॅकेट तितकंच सरकवून तेच माप परत आणा. शक्य असेल तर दाबमापक लावून पुस्तकातल्या आकड्याशी ताडून घ्या. गाडी खाली करण्याच्या सगळ्या कामात मला या एका पायरीची सर्वात जास्त काळजी वाटते.

ब्रेकचा रबरी पाइप पूर्ण लोंबकळलेल्या स्थितीत ताणला जाऊ नये आणि पूर्ण दबलेल्या स्थितीत टायरला घासू नये. हँडब्रेकच्या केबलचंही तेच.

ड्रमच्या जागी डिस्क बसवायची असेल तर ते स्वतंत्र काम समजा. ड्रममधला पुढचा शू फिरणाऱ्या ड्रमबरोबर ओढला जाऊन आपोआप जास्त दाबला जातो. डिस्कला ती मदत नाही, म्हणून दाबाचा समतोल पूर्ण बदलतो. ड्रमच्या लाइनमध्ये दाब टिकवून ठेवणारा व्हॉल्व्ह असेल तर तो काढावा लागतो, नाहीतर पॅड घासत राहतात. मास्टर सिलिंडर पुरेसं ब्रेक ऑइल ढकलतो का आणि हँडब्रेक कशावर चालणार, हे आधी ठरवा. रस्त्यावरच्या बहुतेक गाड्यांना मागची चांगली ड्रम पुरते. ब्रेक, सस्पेन्शन किंवा चाकांच्या मापात केलेल्या बदलांना तुमच्याकडच्या वाहन नियमांत मंजुरी लागते का आणि विमा टिकतो का, हेही भाग घेण्यापूर्वीच विचारा.

अलाइनमेंट आणि चाचणी

मशीनवर जाण्याआधी दोरीने घरीच बराच अंदाज येतो. गाडीच्या दोन्ही बाजूंना, चाकाच्या मध्याच्या उंचीवर दोऱ्या ताणा. पुढे आणि मागे दोन दोऱ्यांमधलं अंतर सारखं, आणि गाडी बरोबर मध्ये. आता दोरीपासून रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा, चाक अर्धा फेरा फिरवून पुन्हा मोजा आणि सरासरी घ्या. १४ इंची रिमवर १ अंश म्हणजे साधारण ६ मिमी. कॅम्बरसाठी हीच पट्टी, फक्त दोरीऐवजी ओळंबा. मागे किंचित टो-इन चालतं, टो-आउट रस्त्यावरच्या गाडीला नको. एक चाक आत आणि दुसरं बाहेर असेल तर गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते आणि स्टिअरिंग सरळ राहत नाही.

व्हील नट टॉर्क पान्यानेच आवळा, चाक हवेत असताना हलके आणि जमिनीवर आल्यावर पूर्ण. पहिली फेरी चार-पाच किलोमीटरची, हळू, मोकळ्या रस्त्यावर. ब्रेक कमी वापरा आणि परत आल्यावर दोन्ही मागच्या हबला हात लावून बघा. कोमट चालेल. एक हब दुसऱ्यापेक्षा स्पष्ट गरम असेल तर चाक उचलून फिरवा: जड फिरत असेल तर ब्रेक घासतोय, हलकं फिरून खरखरत असेल तर बेअरिंग. मग रिकाम्या, ओल्या पण सपाट जागी कमी वेगात जोरात ब्रेक मारून बाहेरून कुणाला तरी बघायला सांगा. पुढची चाकं आधी धरली पाहिजेत.

५० ते १०० किलोमीटरनंतर व्हील नट पुन्हा तपासा, पाचशेनंतर यू बोल्ट आणि बुशचे बोल्ट, तेही गाडी चाकांवर उभी असताना. स्प्रिंग थोड्या बसतात, म्हणून हजारेक किलोमीटरनंतर मडगार्डची उंची परत मोजा, व्हॉल्व्हच्या दांडीचं माप परत ताडा आणि टेपर बेअरिंग असतील तर त्यांचा प्ले डायल गेजवर बघा. मशीनवरची शेवटची अलाइनमेंट त्यानंतर करा. आधी केली तर पैसे दोनदा जातात.